औदुंबराचे पाय

आज भाचीचा मराठीचा पेपर हातात घेतला आणि डोकंच फिरलं.

बालकवींची 'औदुंबर'. प्रश्न : 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर' या ओळीतून कवीला काय सुचवायचे आहे? पोरीने लिहिलं होतं, 'दिवसभर उभं राहून झाडाचे पाय दुखले असतील, म्हणून ते पाण्यात पाय सोडून बसलंय.' त्यावर लाल फुली. समासात शेरा : अवांतर. हवं होतं म्हणे 'विरक्ती'.

अरे, अवांतर काय त्यात? आठ ओळींची कविता. निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, काळा डोह. कवी सात ओळी नुसता बघतोय आणि आठवीत झाडाला पाय फुटतात. ते पाय तिला दिसले. तपासणाऱ्याला विरक्ती तेवढी दिसली.

बरं, मान्य. कवितेत उदासी आहे, पाणी झाकोळलेलं आहे. बाईंपुढे पेपरांचा गठ्ठा असतो, नमुना उत्तर ठरलेलं असतं, हेही कळतं. पण अर्धा गुणसुद्धा नाही?

इंग्रज कवी वर्डस्वर्थने १८०२ मध्ये एक दीर्घ कविता लिहायला घेतली. लहानपणी कुरणं, झरे कसे दिव्य तेजात न्हालेले दिसायचे, आता ते तेज दिसत नाही, ही त्यातली हळहळ. वय वाढलं की असं व्हायचंच, हे आपणही धरून चालतो. मला नाही पटत. बालकवी १९१८ मध्ये गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. दुःख काय असतं ते पुरेपूर ठाऊक असलेला जाणता माणूस. त्याला झाडाचे पाय दिसतच होते की!

शास्त्र शिकून नवल संपतं, हेही खोटं. मी तिला सांगितलं, उंबर खरंच पाण्याकाठी वाढतो, त्याची फुलं फळाच्या आत असतात आणि इवलासा कीटक आत शिरून परागीभवन करतो. तर लगेच विचारते, "मावशी, आत अंधार असेल ना गं? मग त्याला फुलं दिसतात कशी?"

पाय दुखणारं झाड ज्या डोक्यातून आलं, त्याच डोक्यातून हा प्रश्न आला. आणि ते डोकं आत्ता शेजारच्या खोलीत 'विरक्तीचे प्रतीक, विरक्तीचे प्रतीक' असं घोकतंय. पोटात तुटतं हो ऐकताना.

माझ्या मित्रयादीत मराठी शिकवणारे बरेच जण आहात. एखाद्या पोराने असं काही लिहिलं, तर फुली मारण्याआधी त्याला जवळ बोलावून विचारा, कुठलं झाड पाहिलंस रे? आणि गुण द्या. पूर्ण द्या.