मुरघास म्हणजे सडका चारा? कोण म्हणतं

आठवडाभर आमच्या मोहोळकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "मुरघास म्हणजे सडवलेला चारा, केमिकलशिवाय होतच नाही, त्यानं जनावराचं पोट बिघडतं, सेंद्रियवाल्यांनी फक्त कडबा घालावा". पाच जणांनी मलाच पाठवला, मग म्हटलं लिहूनच टाकू.

सडवलेला म्हणे! मुरघास म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. मका अर्धवट चिकात, म्हणजे दाणा अजून कोवळा असताना कापायची, बारीक कुट्टी करायची आणि बॅगेत भरून पायानं तुडवून तुडवून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं, की चाऱ्यावरचेच जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास येतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंचं काम थांबतं. दीड महिन्यानं बॅग उघडली की आंबूस गोड वास येतो, रंग पिवळट हिरवा. सडका वास आला तर कुठंतरी हवा शिरली, नाहीतर चारा जास्त ओला होता. पहिल्या वर्षी माझी एक बॅग उंदरानं कुरतडली, भोक बोटाएवढं पण आत टोपलीभर चारा काळा-पांढरा, बुरशीनं गच्च धरलेला. सगळा उकिरड्यावर टाकला, म्हशीला एक मूठही नाही दिली.

केमिकलचं म्हणाल तर युरिया टाकायचा सल्ला देणारे आहेत, खरंय, आणि युरिया सेंद्रियात चालतच नाही. पण मका-ज्वारीत साखर मुळातच भरपूर असते, वरून काही टाकायची गरज पडत नाही. लसूण घासाचं (ल्युसर्नचं) वेगळं, त्यात साखर कमी, नीट मुरत नाही, म्हणून तो मी वाळवतो. तोही भर उन्हात हलवला की पाला झडतो आणि प्रोटीन जास्त करून पाल्यातच, म्हणून सकाळी दवानं मऊ असतानाच उलटायचा.

आता फक्त कडबा. मालदांडी ज्वारीचा कडबा आपला जीव की प्राण, पण त्यात प्रोटीन ३-४ टक्केच हो, दुभत्या गाईला नुसत्या त्यावर ठेवून दूध कुठून येणार? आणि वाळलेला म्हणजे बिनधोक असंही नाही. ओलसर चारा गंजीत रचला की आतून तापतो, कधी कधी पेटतोसुद्धा. ओल १५ टक्क्यांच्या खाली पाहिजे. मीटर नसला तर काडी पिळून बघा, कट्कन मोडली पाहिजे. रचल्यावरही दोन-तीन आठवडे अधूनमधून गंजीत हात घालून बघायचा, गरम लागलं की लगेच उपसायची.

मेसेजमधली एकच गोष्ट पटली, मुरघासानं जनावराचं पोट बिघडतं. बिघडतं की, पहिल्याच दिवशी पाटीभर ओतला तर. दोन-तीन किलोनं सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवा, कडबा सोबत असू द्या.