चोळणाऱ्याचा हुरडा

ज्याच्या शेतात ज्वारी, त्याला हुरडा खायला मिळत नाही. परभणीकडच्या कुणालाही विचारा. आखाडा (म्हणजे शेतातली वस्ती) आपला, कणसं आपली, गोवऱ्याही आपल्याच. आणि आगटीपाशी आपल्या वाट्याला जागा अशी येते, की वारा कुठूनही सुटो, धूर आपल्याच डोळ्यांत.

पूर्वी निदान खाणारे कमी होते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि पुण्याच्या आमच्या दाजींना ज्वारीचा साक्षात्कार झाला. त्याआधी ताईनं भाकरी वाढली की हे ताटाकडे बघून ‘पोळी नाही का?’ म्हणायचे. आता दिवाळीचा फराळ संपायच्या आत विचारणा सुरू होते, ‘हुरडा कोणत्या रविवारी?’

आमचे मारोतीमामा, म्हणजे सालगडी, हे ऐकून म्हणाले, ‘जवारीला ऐतवार कळतोय का, बापू?’ आता दाजींना कसं सांगायचं? दाणा आधी चिकात असतो, दाबला की नुसतं दूध. मग गोडी भरते. ती जेमतेम आठ-दहा दिवस. त्यानंतर साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, दाणा कडक होतो आणि राहते ती भाकरीची ज्वारी. त्यात थंडी कमी-जास्त झाली की सगळ्या तारखा पुढंमागं. एवढं सगळं शांतपणे ऐकून घेऊन दाजी म्हणाले, ‘मग शनिवारी जमतंय का बघ.’

शेवटी मामांनीच तोड काढली. बांधाकडची काही तासं एकदम न पेरता थोडी थोडी मागंपुढं पेरायची, म्हणजे पाहुण्यांच्या कोणत्या ना कोणत्या रविवारी काही ना काही कोवळं सापडतंच. बी गुळभेंडीचं. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी वसंत’ नावाचा खास हुरड्याचा वाण काढलाय, पण मामांपुढं त्याचं नाव काढायची सोय नाही. गुळभेंडीचा दाणा भाजल्यावर टरफलातून पटकन सुटतो. मालदांडी भाकरीला कितीही नावाजलेली असो, हुरड्याला बसलात तर दाणा टरफल सोडत नाही आणि तळहाताची साल निघते. पाखरांनाही गुळभेंडीच आवडते. पण पाखरं गोफणीला भितात. दाजी भीत नाहीत.

तर चोळणं. गोवऱ्यांचा जाळ खाली बसून लाल विस्तव झाला की कणसं त्यात खुपसायची. हिरवा दाणा तडतडतो, वरची कुसं जळून जातात, खरपूस वास सुटला की देठ धरून कणीस ओढायचं, राख झटकायची आणि गरम असतानाच तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं रगडायचं. गार झालं तर सुटत नाही. गरम असताना हात सुटत नाही. मग फुंकर मारून भुसा उडवायचा, तो शेजारच्याच्या चहात जातो, आणि ओंजळीत उरतो हिरवागार, वाफाळलेला, मऊ दाणा. तो तोंडात टाकणार एवढ्यात समोर चार हात पसरलेले असतात. त्यातला एक भाच्याचा, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. एक दाजींचा, त्यांना ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही.

‘जरा कोवळा हवा होता,’ दाजी तोंड भरलेलं असताना म्हणाले. मी आणखी एक कणीस ओढलं. ‘हा मात्र फारच कोवळा.’ शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या, बोरं, असा सगळा सरंजाम पळसाच्या पत्रावळीवर मांडलेला होता. दाजींनी आधी त्याचे फोटो काढले, मग माझ्या हातांचे. ‘हे फार अस्सल दिसतात,’ म्हणाले. अस्सल म्हणजे काळे.

मग विषय निघाला पैसे देऊन होणाऱ्या हुरडा पार्ट्यांचा. ‘तिथं उंटावर बसवतात,’ भाच्यानं माहिती पुरवली. आमच्या आखाड्यावर बसण्याजोगी एकच म्हैस, तिनं भाच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. ताई मात्र खरी आमच्या घरची. ती गुपचूप शेजारी येऊन बसली, बांगड्या मागं सारल्या आणि दोन कणसं चोळून माझ्या हातात दिली. ती खाणार तोच दाजींना ठसका लागला. मामांचा दंडक आहे, हुरड्यावर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं. ताक विहिरीजवळच्या गार मडक्यात. परत येईपर्यंत ओंजळ भाच्याकडं गेलेली.

जाताना डिकीत कणसांच्या पेंढ्या भरल्या. त्यांच्या सोसायटीत म्हणे मागणी आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री दाजींचा फोन आला. ‘अरे, गॅसवर भाजला, पण ती चव येत नाही. आणि दाणेही सुटत नाहीत. काय चुकतंय?’

‘गोवऱ्या लागतात, दाजी,’ मी म्हणालो.

‘मग पेंढ्यांबरोबर द्यायच्या नाहीत का!’ आणि मागं कुणाशी तरी बोलून म्हणाले, ‘ठीक आहे, शनिवारी येतोच. या वेळी सोसायटीतले दोघं-तिघं बरोबर आहेत, त्यांना चोळायचं कसं ते बघायचंय.’

मी मामांना फोन लावून विचारलं, त्या शनिवारी परभणीच्या बाहेर आपलं काही काम निघतंय का.