कुणालाच काही कळत नाही, आणि बारा मिनिटांत सगळं कळतं?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: ‘एनएफएल ड्राफ्टचं खरं गुपित’. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘जास्तीत जास्त शेअर करा’ मात्र आहे. एरवी मी असल्या मजकुराच्या वाटेला जात नाही. पण माझ्या आतेभावाने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या मुलीला विचारलं, ‘काय गं, तुझ्या कोचने बुद्धीची टेस्ट घेतली का? क्वार्टरबॅकला डोकं लागतं!’ ती शाळेच्या फ्लॅग फुटबॉल संघात क्वार्टरबॅक आहे, म्हणजे पास टाकणारी, डाव चालवणारी. मामाची थट्टा होती, मान्य. पण तिने मला विचारलं की खरंच अशी टेस्ट असते का. आता उत्तर देणं आलं.

मेसेजचं म्हणणं असं. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला कुणी ओळखलं नाही, म्हणजे स्काउटांना, खेळाडू हेरणाऱ्यांना, काही कळत नाही. एका नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने ड्राफ्ट म्हणजे छापा-काटा असल्याचं सिद्ध केलंय. पहिला क्रमांक मिळालेला संघ कधी जिंकत नाही. क्वार्टरबॅक निवडताना बुद्धीची चाचणी हाच खरा निकष, ‘नुसती पळणारी पोरं’ रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायला, टाकावीत. आणि शहाण्या संघाने पहिल्या फेरीची पिकं, म्हणजे निवडीचे नंबर, विकून मोकळं व्हावं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. दर एप्रिलमध्ये तिचे ३२ संघ कॉलेजातले खेळाडू सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. आदल्या मोसमात सगळ्यांत वाईट खेळलेला संघ आधी, विजेता शेवटी. आयपीएलसारखी बोली नसते. आपला नंबर दुसऱ्याला देऊन बदल्यात त्याचे नंबर किंवा खेळाडू घेता येतात, त्याला ट्रेड म्हणायचं.

ब्रेडीचं आधी उरकते. २००० साली सहाव्या फेरीत १९९ वा, हे खरं. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले, हेही खरं. त्यातला तिसऱ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने घेतलेला जोव्हानी कारमात्झी लीगच्या एकाही नियमित सामन्यात उतरला नाही. पण ‘कॉलेजात तो बाकावर बसायचा’ हे कुठून आलं? मिशिगनसाठी १९९८ आणि १९९९ असे दोन मोसम तो सुरुवातीपासून खेळला आणि शेवटच्या सामन्यात अलाबामाला हरवून ऑरेंज बोल जिंकून गेला. स्काउटांनी त्याला हडकुळा आणि मंद म्हटलं होतं. ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद घेणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? आणि त्याला घेणाऱ्या ज्या पेट्रियट्सच्या पारखीचं कौतुक मेसेजमध्ये ओसंडून वाहतंय, त्यांनी तरी त्याला पाच फेऱ्या सोडलंच होतं की. त्यांना कळलं असतं तर १९९ पर्यंत थांबले असते का?

एक गोष्ट मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. ब्रेडीने ज्याची जागा घेतली तो ड्रू ब्लेडसो १९९३ च्या ड्राफ्टमधला पहिला पिक. जानेवारी २००२ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलला ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा हाच ब्लेडसो आत आला, टचडाउन पास टाकला आणि संघाला सुपर बोलला, लीगच्या अंतिम सामन्याला, नेलं. ब्रेडीच्या विजेतेपदाच्या सात अंगठ्यांतल्या पहिल्या अंगठीत ‘फुकट गेलेल्या’ पहिल्या पिकचाही वाटा आहे.

आता नोबेल. इथे मेसेजवाल्याने कुठेतरी अर्धवट वाचलंय, म्हणून हा मुद्दा जास्त पटतो आणि जास्त फसवतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा ‘द लूझर्स कर्स’ हा शोधनिबंध २००५ पासून चर्चेत आहे, २०१३ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये छापून आला. थेलरना नोबेल मिळालं २०१७ साली, आणि ते काही फुटबॉलसाठी नव्हे. त्यात ५२ टक्के हा आकडा आहे, तोच मेसेजमध्ये ठळक अक्षरांत आलाय. पण हे ५२ टक्के कशाचे? एकाच जागेवर खेळणारे, एकामागोमाग निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्के. म्हणजे या लाइनबॅकरनंतर लगेच जो दुसरा लाइनबॅकर गेला, त्या दोघांतली ही तुलना आहे. पहिल्या फेरीतला आणि सातव्या फेरीतला यांच्यातली नाही. बोर्डात पहिली आलेली आणि दुसरी आलेली यांच्यात पुढे कोण मोठी डॉक्टर होईल हे नाणं उडवून सांगितलं तरी चालेल. म्हणून पहिल्या आलेल्या आणि काठावर पास झालेल्या मुलीत फरकच नसतो, असं कुणी म्हणेल का?

त्याच निबंधात हेही आहे की पिकचा नंबर खाली जातो तसा खेळाडूंचा सरासरी दर्जाही खाली जातो. स्काउटांना कळतं. लेखकांचा आक्षेप वेगळा आहे: दर्जा जितका घसरतो त्याच्या कितीतरी पट वेगाने पिकची किंमत घसरते. शेजारच्या दोन खेळाडूंत आपल्याला फरक दिसतो, या फाजील भरवशावर संघ वरचा नंबर मिळवायला भरमसाट मोजतात. पारख खोटी नाही, पारखीवरचा विश्वास फुगलेला आहे. मेसेजने नेमकं हेच गाळलं, कारण ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ हे वाक्य शेअर व्हायला सोपं.

शिवाय तो हिशेब मुळात जुन्या पगारांचा. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नवख्यांच्या पगाराला मर्यादा आली आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले. वरचा पिक तेव्हा महाग होता तेवढा आता नाही.

पहिला क्रमांक मिळालेला संघ जिंकत नाही म्हणे. पिट्सबर्गने १९७० मध्ये टेरी ब्रॅडशॉ घेतला, चार सुपर बोल. डॅलसने १९८९ मध्ये ट्रॉय एकमन, तीन. इंडियानापोलिसने १९९८ मध्ये पेटन मॅनिंग, एक तिथेच आणि दुसरा डेन्व्हरला. जॉन एल्वे आणि ईलाय मॅनिंग मुद्दाम सोडते, कारण त्यांना निवडणाऱ्या संघांनी लगेच दुसरीकडे दिलं. पहिलाच पिक असलेला जामार्कस रसेल तीन मोसमांत संपला, तेही कबूल. पण पहिला नंबर सगळ्यांत रडक्या संघाला मिळतो, तो संघ पुढची काही वर्षं हरतो यात नवल ते काय?

आणि आता ती टेस्ट. दुसऱ्या मुद्द्यात कुणालाच काही कळत नाही आणि चौथ्या मुद्द्यात बारा मिनिटांत सगळं कळतं, हे एकाच माणसाने एकाच मेसेजमध्ये लिहिलंय. हो, होती अशी टेस्ट. वंडरलिक नाव तिचं, १२ मिनिटांत ५० प्रश्न. अनेक दशकं चालली आणि २०२२ मध्ये लीगने कम्बाइनमधून, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरातून, काढून टाकली. मेसेजवाल्याला अजून पत्ता नाही. काही संघ एस-टू नावाची संगणकावरची चाचणीही घेत होते. २०२३ च्या ड्राफ्टआधी तिचे गुण फुटले: क्वार्टरबॅक ब्राइस यंग ९८, क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड १८. सगळे फुटलेले आकडे खरे नाहीत असं चाचणीवाल्यांनीच सांगितलं, पण तोवर टीव्हीवर स्ट्राउडच्या अकलेचा पंचनामा सुरू झाला होता. कॅरोलिनाने पहिल्या नंबरवर यंग घेतला, ह्यूस्टनने दुसऱ्यावर स्ट्राउड. त्या मोसमात कॅरोलिना १७ पैकी २ सामने जिंकलं. स्ट्राउडने २३ टचडाउन पास टाकले, फक्त ५ इंटरसेप्शन दिले (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास) आणि तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. यंगच्या भोवतीचा संघ दुबळा होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. एकावरून सिद्धांत मांडू नये. मेसेजवाल्यानेही मांडला नसता तर बरं झालं असतं.

‘नुसती पळणारी पोरं’ हे शब्द मात्र भोळेपणाचे नाहीत, आणि आतेभावाला ते माहीत नसेल म्हणून इथे थांबते. अमेरिकेत हे वाक्य कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय. हात चांगला आहे, पाय त्याहून चांगले, पण मैदान ‘वाचता’ येणार नाही, तेव्हा जागा बदल. वॉरन मून १९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून देतो, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकही संघ घेत नाही. तो कॅनडात जातो, एडमंटनबरोबर तिथल्या लीगचे सलग पाच ग्रे कप जिंकतो, मग १९८४ मध्ये ह्यूस्टनला येतो. २००६ मध्ये दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ड्राफ्टच्या चुकीचं उदाहरणच हवं होतं तर हे होतं. पण यात ‘डोकं’ बघणारेच तोंडावर पडतात, मग मेसेजमध्ये कसं येणार?

जुनी गोष्ट म्हणाल तर लामार जॅक्सन घ्या. कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइजमन पुरस्कार गाठीशी, तरी २०१८ मध्ये बिल पोलियनसारखा हॉल ऑफ फेमचा जाणता माणूस म्हणाला, याने रिसीव्हर व्हावं. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक गेले. दहाव्या नंबरच्या जॉश रोझनला तर त्याच्या संघाने वर्षभरात देऊन टाकलं. लामार पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ वा, बाल्टिमोरकडे. २०१९ मध्ये तो एकमताने एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, २०२३ मध्ये पुन्हा. पोलियनने २०१९ मध्ये आपलं चुकल्याचं जाहीरपणे सांगितलं. मेसेज मात्र अजून २०१८ मध्येच आहे.

राहिलं पिक विकणं. यात अर्धं तथ्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते, कारण थेलर-मॅसींचं खरं म्हणणं याच्या जवळपास जातं: एकाच खेळाडूपायी वर चढू नका, खाली सरका, जास्त पिकं घ्या. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीची तीन पिकं मोजली. तो चालला नाही, आणि पुढच्या वर्षी शेवटच्या, २६२ व्या नंबरवर घेतलेल्या ब्रॉक पर्डीने त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं. पण ‘सगळीच विका’ म्हणणाऱ्याने कॅन्सस सिटीकडेही बघावं. २०१७ मध्ये ते २७ वरून दहाव्या नंबरवर चढले आणि पुढे त्यांना सुपर बोल जिंकून देणारा पॅट्रिक महोम्स घेतला.

यंगसाठी कॅरोलिनाला पहिला नंबर विकला तो शिकागोने. बदल्यात रिसीव्हर डी. जे. मूर आणि कॅरोलिनाची चार पिकं मिळाली, त्यात २०२४ चा पहिल्या फेरीचाही एक. कॅरोलिना दोनच सामने जिंकल्यामुळे तो पुन्हा पहिल्या क्रमांकाचा निघाला. या वेळी शिकागोने तो विकला नाही, केलेब विल्यम्सला घेतलं.