खुलासा: सुझन लुची यांना एमी मिळाला होता

‘ऑल माय चिल्ड्रन’ या अमेरिकी मालिकेत ५० वर्षं एरिका केन ही भूमिका साकारूनही अभिनेत्री सुझन लुची यांना एकदाही एमी हा तिथला टीव्ही पुरस्कार मिळाला नाही, असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

१९७८ साली पहिलं नामांकन मिळालं आणि तेव्हापासून १८ वेळा त्या रिकाम्या हाताने परतल्या, इथवर बरोबर. मात्र २१ मे १९९९ रोजी, १९व्या नामांकनात, त्यांना मुख्य अभिनेत्रीचा डेटाइम एमी (दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठीचा एमी) मिळाला. पाकीट उघडल्यावर पुरस्कार जाहीर करणारे अभिनेते शेमार मूर यांनी आधी हारीची साखळी तुटल्याचं सांगितलं, मग नाव घेतलं. अख्खं सभागृह उभं राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होतं. त्या सोहळ्याचं चित्रण उपलब्ध आहे, कुणीही पडताळून पाहावं.

घोळ बहुधा नव्वदच्या दशकातल्या जुन्या लेखांमुळे झाला असावा. तेव्हा ते विधान खरंच होतं. २०२३ मध्ये त्यांना डेटाइम एमीचा जीवनगौरवही मिळाला.

आणखी एक: मेसेजमधलं ‘५० वर्षं’ही चूक. मालिका एबीसी वाहिनीवर जानेवारी १९७० ते सप्टेंबर २०११ चालली, म्हणजे ४१ वर्षं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ग्रुपवर टाकला असेल तर त्याखाली ‘१९९९ मध्ये जिंकल्या’ एवढं लिहिलं तरी पुरे.