येलो अलर्टवर हसणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय त्यामुळे मोठं लिहिणारे. वेळ असेल त्यांनीच वाचा.

सकाळी हवामान खात्याने पुणे जिल्ह्याला येलो अलर्ट दिला. दुपारनंतर मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी पाऊस. झालं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दरवर्षीचा जोक लगेच आला, खात्याने पाऊस सांगितलाय ना, मग आज गोधड्या धुवून टाका. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हडपसर-वाघोलीच्या अंगाने आभाळ काळंकुट्ट झालं, विजा चमकायला लागल्या, आमच्याकडे मात्र नुसता धुरळा, पाऊस नाहीच. की परत ग्रुपवर सुरू, बघा, थेंब नाही पडला.

आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या साइटवर वरच्या स्लॅबवर दोन पोरं सळया बांधत उभी होती. त्या उंचीवर त्यांच्यापेक्षा वर दुसरं काही नाही, हातात लोखंड, आणि पाठीमागे पूर्वेला लखलखाट चाललेला. मी तशीच चपला घालून खाली गेले, मुकादमाला म्हटलं अहो उतरवा त्यांना खाली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते रोजच सांगत्यात, होत तर काय नाय."

आता या माणसाला मी काय बोलणार? हे त्याला शिकवलं कोणी? आपणच ना. वर्षानुवर्षं आपण गॅलरीत चहा पीत खात्याची टिंगल केली आणि ती टिंगल झिरपत झिरपत तिथपर्यंत गेली जिथे माणूस उघड्यावर उभा असतो.

माझे धाकटे मामा वळवाच्या पावसात वीज पडून गेले हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये. शिरूर तालुक्यातलं गाव, मे महिना, कांदा काढून रानात पडलेला, पातीखाली झाकून. दिवसभर अंगाची लाही करणारा उकाडा, आणि दुपारी तीन-चारला पूर्वेकडून आभाळ उठलं. मामा-मामी कागद घेऊन पळाले, प्लास्टिकचा मोठा कागद, वाऱ्याने सारखा उडत होता म्हणून कडेने दगडं ठेवत गेले. मामी वस्तीवर दुसरा कागद आणायला गेली. टपोरे थेंब सुरू झाले तसे मामा बांधावरच्या चिंचेखाली जाऊन उभे राहिले. एवढंच.

तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. सांगणारं कोणी नव्हतं. आज सांगणारे आहेत आणि आपण हसतोय, हे मला सहन होत नाही.

आणि हे सांगणारे लोक कोण आहेत? आपल्याच गावातले. १८७५ साली सुरू झालेलं खातं, १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून तर शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे, रोज तिथल्या सिग्नलला थांबतो आपण. पाषाणला आयआयटीएम आहे, हवामानावर संशोधन करणारी संस्था, तिथल्या लोकांनी दामिनी नावाचं ॲप केलंय, तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते दाखवतं. फुकट आहे. किती पुणेकरांच्या फोनमध्ये आहे? गोधड्यांचा जोक मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

हो, अंदाज चुकतात. मान्य. पण वळीव म्हणजे काय हे तरी समजून घ्या की. जमीन सकाळपासून तापते, तापलेली हवा वर जाते, त्यात अरबी समुद्राकडून नाहीतर बंगालच्या उपसागराकडून आलेलं बाष्प मिसळतं, आणि दुपारनंतर तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. तो खाली पसरलेला किती, तर दहा-वीस किलोमीटर. एक-दोन तासात खेळ संपतो. आधी उभी हवा, मग वरून गार वारा जमिनीवर आदळतो, तो धुरळा, ती मोडणारी झाडं, मग गारा, मग पाऊस. चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाणार हे सांगता येतं, कुठल्या कडेने जाईल ते आधी सांगता येत नाही. आपला जिल्हा १५ हजार ६०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, लोणावळ्याच्या घाटापासून इंदापूरपर्यंत, आणि अलर्ट मिळतो तो एवढ्या मोठ्या भागाला मिळून. म्हणजे वाघोलीत पत्रे उडत असताना कोथरूडला ऊन असणारच. त्याचा अर्थ अंदाज खोटा ठरला असा होत नाही, त्याचा अर्थ आज तुम्ही कोथरूडला होतात एवढाच. नक्की कुठे, हे कळण्यासाठी पुढच्या तीन तासांचा नाऊकास्ट वेगळा येतो, रडार बघून देतात, तो कोणी उघडून बघत नाही.

येलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे हातातलं सोडा आणि बचावाच्या कामाला लागा. येलोला पाऊस पडलाच पाहिजे असं कोणी लिहून दिलेलं नाही.

बरं, फक्त विजेचं नाही. १७ एप्रिल २०२३, किवळे, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, वारा-पाऊस आला म्हणून माणसं होर्डिंगच्या आडोशाला थांबली आणि ते होर्डिंगच अंगावर आलं, पाच जण गेले. त्याच्या आठवडाभर आधी, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या शेडवर झाड पडून सात. १३ मे २०२४, मुंबईत घाटकोपरला परत होर्डिंगच पडून सतरा. हे सगळे वळवाचेच वारे, जूनच्या पावसाचा यात संबंध नाही. आणि प्रत्येक वेळी वारा सुटला तेव्हा माणसं जवळ जे काही होतं त्याखाली गेली. जसे माझे मामा गेले चिंचेखाली. माणूस आडोसाच शोधणार ना? म्हणूनच आधी सांगावं लागतं, आणि आधी सांगितलेलं कुणीतरी खरं मानावं लागतं.

पाच माणसं गेल्यावर होर्डिंगची तपासणी होते, मग परत चौकाचौकात तेच सांगाडे उभे राहतात. झाडांच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास घालून ठेवलाय, मुळं कापून केबल टाकल्यात, मग पहिल्याच वळवात गुलमोहर आडवा झाला की म्हणायचं निसर्गाचा कोप. कसला कोप? याचा संताप होतो मला आणि तो ग्रुपवर कधी येत नाही. तिथे खात्यावर हसायचं असतं.

थोडं थांबते. पाणी पिऊन आले.

साइटवाल्यांचं पण बघितलं पाहिजे, हेही खरं. रोजंदारीचा माणूस दर येलो अलर्टला काम सोडून बसला तर त्याच्या घरी खायचं काय. अलर्ट दिवसभराचा असतो पण, वीज दिवसभर नसते. गडगडाट ऐकू आला की उतरायचं, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं आणि परत चढायचं. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर येऊ शकते. तास-दीड तासाचा प्रश्न आहे हो. तेवढ्याचे पैसे कापायचे नाहीत हे बिल्डरला कोणीतरी सांगायला पाहिजे आणि ते मुकादमाच्या हातात नाही, हे मला पण कळतं.

अजून एक गोष्ट लिहायची आहे, ती मी सहसा बोलत नाही. मामा पडले तेव्हा आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक धावत आले. पण हात कोणी लावेना. अंगात करंट असतो म्हणे. मामी ओरडत होती, तिला दोघींनी धरून ठेवलं होतं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. अजिबात नाही. लगेच हात लावता येतो. बऱ्याचदा हृदय बंद पडलेलं असतं आणि तिथल्या तिथे छाती दाबत राहिलं तर काही माणसं परत येतात. मामा आले असते असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. पण कोणी हातच लावला नाही. कांदा एकही भिजला नाही त्या दिवशी. पुढे त्याच कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, आली बाजारातून, मामांच्या नावावर, ती मामीने पत्र्याच्या पेटीत ठेवलीये.

लोक म्हणाले वेळ भरली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, गप्प बसले, मोठ्यांपुढे काय बोलणार. आज बोलते. देशात दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं विजेने मरतात, त्यातली बहुतेक रानात, ढोरांमागे, झाडाखाली. या सगळ्यांचीच वेळ भरलेली असते का? गॅलरीत बसलेल्यांची कशी नाही भरत?

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की तो जोक काढून टाका. दोघांनी अंगठा दिला, एकांनी लिहिलं मॅडम लाइटली घ्या. नाही घेणार.

उद्या परवा पण येलो दिसतोय, दुपारनंतरचाच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं गाव शिरूर, जुन्नर, खेड, आंबेगाव, दौंड, पुरंदरकडे आहे आणि आत्ता तिकडे कांदा रानातच आहे. सकाळीच फोन करा, तीन वाजता नको, तोवर उशीर झालेला असतो. म्हणावं आज झाकायचा तो दुपारच्या आत झाकून घ्या, आणि आभाळ गरजलं की कांदा भिजला तर भिजू दे, सरळ घरात या. झाडाखाली नाही, नुसत्या पत्र्याच्या आडोशाला नाही, घर नाहीतर बंद काचांची गाडी. अगदीच रानात अडकलात तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडायचं नाही. आणि घरातल्या कुठल्यातरी पोराच्या फोनमध्ये दामिनी टाकून घ्या, लोकेशन चालू ठेवायला सांगा, नाहीतर ते काही दाखवणार नाही.