कंपास खराब नाही, चौथ्या स्टेशनवरचा खडक काटा ओढतोय

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या ग्रुपने आमच्याकडून हातात धरून बघायचा कंपास आणि क्लिनोमीटर, म्हणजे चढ-उताराचा कोन मोजायचं यंत्र, घेतला. तोरणमाळकडच्या एका गुहेचा नकाशा करायला गेलात. आत फिरून पुन्हा पहिल्या स्टेशनवर, म्हणजे मोजणीसाठी थांबायच्या पहिल्या खुणेवर, आलात, पण कागदावर शेवट दीड मीटर बाजूला पडला. एका जागी पुढचं (पुढच्या स्टेशनकडे बघून घेतलेलं) आणि मागचं (तिथून उलटं बघून घेतलेलं) रीडिंग आठ अंशांनी जुळेना. तुम्ही फोन केलात तेव्हा मी म्हटलं, खडकामुळे असेल, वहीचे फोटो पाठवा. पैसे परत द्यायला मी तयार झालो नाही. म्हणून तुम्ही लिहिलंत की दुकानदाराने हात वर केले, खराब माल गळ्यात मारला, आणि तोही डिजिटलच्या जमान्यात जुनाट.

फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर तुमच्याच वहीत आहे. दोनवरून तीनकडे ६५.५ अंश आणि तीनवरून दोनकडे २४५.५. बरोबर १८० चा फरक, म्हणजे हवा तसाच. पुढे तीनवरून चारकडे ११२, आणि चारवरून तीनकडे २८४. इथे २९२ यायला हवे होते, आठ कमी आले. मग चारवरून पाचकडे ७३, आणि पाचवरून चारकडे २६१. २६१ मधून १८० गेले की ८१ उरतात. म्हणजे ७३ हे रीडिंगही आठनेच कमी.

आता बघा. चौथ्या स्टेशनवर उभं राहून तुम्ही दोन रीडिंग घेतलीत आणि दोन्ही आठ-आठ अंशांनी कमी आली. दोन, तीन आणि पाच या स्टेशनांवर तोच कंपास, तोच माणूस, आणि रीडिंग चोख. यंत्रात बिघाड असता तर तो एका स्टेशनपुरता आला नसता. चौथ्या स्टेशनवर काटा ओढणारं काहीतरी आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला कोणीही याला लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणेल, ते परीक्षेलाही येतं.

नकाशा काढताना तुम्ही फक्त पुढची रीडिंग धरलीत. त्यामुळे चार ते पाच ही ११ मीटरची लेग, म्हणजे दोन स्टेशनांमधली रेघ, आठ अंशांनी वळली आणि पाचवं स्टेशन सुमारे दीड मीटर सरकलं. पुढची सगळी स्टेशनं त्याच्यामागे तेवढीच सरकली. तुमचा शेवट जितका चुकतोय तो हाच दीड मीटर. ७३ च्या जागी ८१ घाला, पुन्हा काढून बघा.

यात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. चौथ्या स्टेशनवरची दोन्ही रीडिंग सारखीच ओढली गेली, म्हणून त्यांच्यातला कोन जराही बिघडलेला नाही. २८४ वजा ७३ म्हणजे २११, आणि दुरुस्त आकडे घेतले तरी २९२ वजा ८१ म्हणजे २११च. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात काम करायचं तर याच आधारावर करावं लागतं. प्रत्येक स्टेशनवरून मागे आणि पुढे दोन्हीकडे बघायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. काटा कितीही ओढला जावो, मधला कोन खरा राहतो, आणि एखादी चांगली लेग धरून पुढची दुरुस्ती घरी बसून करता येते. तुमच्या ग्रुपमध्ये ज्याने मागची रीडिंग लिहिली त्याने अख्खा सर्व्हे वाचवलाय. त्याला माझ्यातर्फे शाबासकी सांगा.

‘कंपासच आठ अंश चुकीचा दाखवतोय’ असंही तुम्ही एका वाक्यात लिहिलंय. समजा तसं असतं, तर तो सगळीकडेच आठ अंश चुकला असता. मग तुमचा अख्खा नकाशा कागदावर आठ अंश फिरला असता, पण शेवट सुरुवातीला अचूक मिळाला असता. कायमच्या एकसारख्या चुकीने लूप, म्हणजे फिरून सुरुवातीला येणारा मार्ग, उघडा पडत नाही. तो उघडा पडतो मधेच कुठेतरी आलेल्या चुकीने.

खडकावर ढकलतोय असं वाटू नये म्हणून तेही सांगतो. आपला सातपुडा, अजिंठ्याची रांग, पाटणादेवीमागचे डोंगर, सगळा लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज. लाव्हा निवताना पृथ्वीचं त्या वेळचं चुंबकत्व त्यात कायमचं बसलं. शिवाय डोंगरमाथ्यावर वीज पडली की तिथला खडक जास्तच चुंबकीय होतो. त्यामुळे एका जागी काटा सरळ आणि चार पावलांवर वाकडा, हे बेसाल्टमध्ये होतंच. परदेशी मंडळींचे गुहा मोजण्याचे व्हिडिओ बहुतेक चुनखडीच्या गुहांमधले असतात. मेघालयातल्या मोठमोठ्या गुहाही बहुतेक चुनखडीच्याच. चुनखडीचा काट्यावर जवळपास परिणाम नसतो, म्हणून तिथे एका बाजूचं रीडिंग घेऊन भागतं. ती पद्धत उचलून खान्देशात वापरली की असा घोळ होणारच.

चुंबकीय मोजमाप किती नाजूक असतं याचा आपल्याच राज्यातला दाखला देतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं आणि १९०४ पासून नोंदी तिथे सुरू झाल्या. तिथली इमारतही चुंबकीय नसलेल्या साहित्याची बांधली.

हेल्मेटवरच्या दिव्याचं तुम्ही विचारलंय. दिवा, त्याची बॅटरी, दोर अडकवायची स्टीलची कडी (कॅराबिनर), चष्म्याची लोखंडी काडी, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, यातलं काहीही कंपासजवळ आलं की काटा हलतो. पण तुमच्या बाबतीत मला दिव्याचा संशय नाही. दिवा तर डोक्यावर तुमच्यासोबतच फिरत होता. त्याचा दोष असता तर दिशेप्रमाणे कमी-जास्त फरक प्रत्येक स्टेशनवर दिसला असता. मात्र चौथ्या स्टेशनवर पायाशी लोखंडी सामानाची बॅग ठेवली होती का, हे ग्रुपला जरूर विचारा. नसेल तर तो खडकच.

‘दुकानातच मोबाइलच्या कंपासशी जुळत नव्हता’ हेही लिहिलंय. दुकानात शटर लोखंडी, रॅक लोखंडी, स्लॅबमध्ये सळ्या. तिथे कोणताच कंपास खरा बोलत नाही, आणि मोबाइलमध्येही चुंबकत्व मोजणारी चिपच असते. म्हणून आम्ही कंपास दुकानात तपासत नाही. तापीकाठी ओळखीच्यांच्या केळीच्या बागेच्या बांधावर दोन लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत. तिथे गाळाची माती जाड आहे, खडक खूप खोल आहे, ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, आणि मोटारीची खोली पार दुसऱ्या टोकाला. खुंट्यांमधली दिशा डीजीपीएसने, म्हणजे जास्त अचूक जीपीएसने, काढलेली आहे. खरी उत्तर दिशा आणि काटा दाखवतो ती चुंबकीय उत्तर दिशा यांच्यातला फरक आपल्याकडे एक अंशही नाही, तरी तो धरूनच हिशेब केलाय. तुमचा कंपास देण्याआधी तिथे तपासला होता. एका डोळ्याने भिंगातले आकडे, दुसऱ्या उघड्या डोळ्याने समोरची खुंटी, आणि मधली केसासारखी रेघ दोन्हीवर एकाच वेळी. मग एक डोळा मिटून पुन्हा तेच, कारण काही जणांचे दोन्ही डोळे मिळून रेघ थोडी सरकवतात. कंपासमधली आकड्यांची तबकडी मुद्दाम हलवून सोडली की परत त्याच आकड्यावर येते का, तेही बघतो.

डिजिटलबद्दल. लेझरने अंतर, दिशा आणि चढ-उतार एकदम घेणारं यंत्र उत्तमच आहे. बीट हेब या स्विस अभियंत्याने बाजारातल्या लेझर मीटरमध्ये आपला सर्किट बोर्ड बसवून ते गुहांसाठी बनवलं, आणि जगभरची मंडळी ते वापरतात. परवडत असेल तर अवश्य घ्या. पण त्यातही चुंबकत्व मोजणारे सेन्सरच आहेत. चौथ्या स्टेशनवर तेही आठच अंश चुकलं असतं. वापरण्याआधी वेगवेगळ्या दिशांना ५६ शॉट (मोजमापं) घेऊन त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची जुळवणी, करावं लागतं, आणि साध्या सेलच्या स्टीलच्या वेष्टनाचा त्रास होतो म्हणून बॅटरीही वेगळी लागते. साध्या लेझर टेपने मात्र फक्त अंतर मिळतं. तो वापरताना कंपासपासून हातभर लांब ठेवा.

क्लिनोमीटरमधल्या बुडबुड्याचंही तुम्ही विचारलंय. तसा बारीक बुडबुडा थंडी-उन्हाने येतो, रीडिंग बिघडवत नाही. मोठा झाला तर घेऊन या, बघून देऊ.

आता पैशांचं. तुमच्या वहीवरून कंपास चांगला दिसतोय, म्हणून आज परतावा देत नाही. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. कंपास घेऊन जळगावला या, आपण दोघं खुंट्यांवर जाऊ, आणि रीडिंग तुम्ही घ्या, मी नाही. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर पूर्ण पैसे तिथेच परत. नाही आला, तर दुकानातला जुना थिओडोलाइट काही दिवस बिनभाड्याने घेऊन जा. तो काट्याशिवाय कोन मोजतो. ज्या भागात काटा फारच भरकटतो तिथे तिवई लावायला जागा असेल तर त्याला तोड नाही.

खान्देशातल्या नैसर्गिक गुहांचे नीट मोजलेले नकाशे फार थोडे आहेत. तुमचा ग्रुप ते काम करतोय याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तुमचा नकाशा एका चुकलेल्या लेगपायी टाकून दिला जाऊ नये एवढंच मला वाटतं. येण्याआधी एक फोन करा, म्हणजे बागेच्या मालकांना सांगून ठेवतो. सकाळी लवकर या, नंतर उन्हाने खुंटी थरथरल्यासारखी दिसते. आणि वही आणायला विसरू नका, सातव्या स्टेशनच्या पुढचे आकडे फोटोत पुसट आलेत.