अर्धा किलो ग्लुकोजवर तीन दिवसांचा ट्रेक होत नाही

‘तीन दिवसांचा ट्रेक, सॅक फक्त चार किलो’ हा मेसेज सध्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी सोडून दिला असता. पण माझ्या भाचीने तो वाचून यादीतलं जेवण खरोखर काढून टाकलं, आणि ती मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर रतनगड ते हरिश्चंद्रगड चालणार आहे. मेसेजचं म्हणणं असं: जेवण म्हणजे नुसतं ओझं, अर्धा किलो ग्लुकोज पावडर तीन दिवस पुरते, बाकी अंगातली चरबी जळेल, पाणी एक लिटर बास, गडावर टाकी असतातच, टॉर्च नको, मोबाइल आहे, कपडे अंगावरचेच.

आधी ग्लुकोज. एका ग्रॅमला फार तर ४ किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या किलोला २०००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलो वजनाच्या बाईला मध्यम कष्टाच्या कामासाठी दिवसाला २१३० किलोकॅलरी धरल्या आहेत आणि जड कामासाठी २७२०. पाठीवर सॅक घेऊन या वाटेवरची कात्राबाईची खिंड चढणं हे कुठल्या कष्टात मोडतं ते वेगळं सांगायला नको. तीन दिवसांचे किमान ६००० हवेत आणि हातात २०००! चरबी जळते, पण सावकाश. खड्या चढाला पायांना लागणारी साखर संपली की माणूस बसतो, आणि दरीच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर थकलेला पाय घसरतो.

बरं, वजनाच्या हिशेबातही ग्लुकोज हरतं. तेला-तुपात ग्रॅममागे ९ किलोकॅलरी असतात, म्हणून अर्धा किलो शेंगदाण्यांत २८०० च्या आसपास मिळतात. तेवढ्याच वजनात दीडपटीच्या जवळ! आपल्या आज्या प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-दाण्याचे लाडू बांधून द्यायच्या, ते उगाच नाही. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी पहिल्या दिवशी खावी. रात्रीसाठी तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, जिरं घरीच भाजून, मोजून एकेका जेवणाची पुडी करावी. सोबत मेतकूट आणि छोट्या डबीत तूप. सकाळी पोहे, ते भिजले की झाले, गॅसही वाचतो. कोरडा शिधा माणशी रोज सहाशे-सातशे ग्रॅमच्या वर जात नाही, आणि स्टोव्ह चौघींत एक पुरतो.

पाण्याचा मुद्दा तर सरळ जिवावर बेतणारा आहे. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ टाकी आहेत, मान्य. पण तिथे पोचायच्या आधीचा रस्ता कोण चालणार? मार्चच्या उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो आणि त्या दिवसांत ओढे आटलेले असतात. पाणी कमी पडलं की घाम कमी होतो, अंग तापतं, डोकं चालेनासं होतं. मग वाट चुकल्याचंही कळत नाही. निघताना तीन लिटर हवंच. त्यातला एक लिटर ओआरएसचा ठेवा, कारण घामातून मीठ जातं आणि साध्या ग्लुकोज पावडरने ते भरून निघत नाही. टाक्यातलं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या.

टॉर्चबद्दल एवढंच: रतनगडाच्या शिड्यांवर दोन्ही हात लागतात. हेडटॉर्च शंभर ग्रॅमच्या आतबाहेर येतो.

कपड्यांचं मात्र मेसेजचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने म्हणावं लागतं. दुसरी जीन्स अर्धा-पाऊण किलोची असते, ती घरीच राहू द्या. लोणच्याची काचेची बाटली आणि चौघींच्या चार पॉवर बँकाही नकोत. उतरताना गुडघ्यांवर येणारा भार खरा असतो. पण रात्रीसाठी एक कोरडा जोड आणि मोजे हवेतच.

आणि सॅक खरंच हलकी करायची असेल तर वाटेवरच्या गावांचा विचार करा. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत घरगुती जेवण मिळतं. आधी फोन करून माणसं किती, कधी पोचणार हे कळवलं की पिठलं-भाकरी तयार असते आणि शेवटच्या दिवसाचा शिधा पाठीवर घ्यावाच लागत नाही.